जीपचे नवे दात आणि उंबरकड्याचं अंतर

९ जानेवारी १९७३, मंगळवार

नवी डायरी. गेल्या वर्षीची मे महिन्यातच बंद पडली, कारण जे काही घडायचं ते कचेरीच्या कागदांत लिहावंच लागायचं. एकच गोष्ट दोनदा लिहायला मी काही कारकून नाही, ओव्हरसियर आहे. यंदा जे कागदावर चढत नाही तेवढंच इथे लिहायचं ठरवलं आहे.

आज उंबरकड्याचा अर्ज फेटाळला. दुष्काळामुळे सगळं गाव बोराच्या माळावर सरकारी खडी फोडायला येतं. त्यांचं म्हणणं, आमच्याच शिवारात पाझर तलावाचं काम काढा, रोज जाऊन-येऊन बायामाणसांचे पाय गळून जातात. पायांबद्दल परिपत्रकात अक्षर नाही. परिपत्रक सांगतं की चालू काम पाच मैलांच्या आत असेल तर दुसरं काम मिळणार नाही. मी स्वतः जीपने अंतर मोजलं. चार मैल आणि वर सात दशांश. विषय संपला.

अर्ज घेऊन लंकाबाई नावाची बाई आली होती. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघ्याला फडकं बांधलेलं, तोंड मात्र ठणठणीत. म्हणाली, "रावसाहेब, तुमचं मीटर बसून मोजतंय. आमी चालून मोजतो."

मी तिला समजावलं की मीटरला दयामाया नसते, म्हणूनच ते खरं बोलतं. तिने माझा ड्रायव्हर गोरक्ष याच्याकडे पाहिलं. गोरक्षने जीपकडे पाहिलं. जाताना तिने त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं ठेवलं. खेड्यातल्या लोकांना सरकारी ड्रायव्हरबद्दल फार माया, हे मी पूर्वीही पाहिलं आहे.

गोरक्ष जूनपासून माझ्याकडे आहे. गाव कोणतं विचारलं तर "राहुरीच्या अंगाला" म्हणतो. मी खोलात गेलो नाही. ड्रायव्हर वेळेवर आला म्हणजे झालं.

१७ जानेवारी

जीपचा दम गेला. लढाईच्या काळातली गाडी, लष्कराच्या लिलावातून आमच्या खात्यात आलेली. मजुरांच्या पाण्याचा ट्रेलर लावून बोराच्या माळाचा चढ आजवर ती मुकाट्याने चढायची. आज दुसऱ्या गिअरमध्येही कण्हत होती आणि खालून जळका वास येत होता.

"म्हातारी झाली साहेब," गोरक्ष म्हणाला. "म्हातारपनाला वास येतोच."

हातब्रेकची मूठ अर्धी बाहेर का, असं मी विचारलं. "तिला तशीच सवय हाय," म्हणाला. ड्रायव्हरला आपल्या गाडीच्या सवयी माहीत असतात. मी मध्ये पडलो नाही.

२२ जानेवारी

योगायोग कसे जुळतात पहा. माझी बायको पुष्पावती भिंगारला ज्या मेरीबाईंकडून अंडी आणते, त्यांचे यजमान शांतवन हे तीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेले. गाडीबद्दल मी घरी चकार शब्द काढला नव्हता, तरी पुष्पावती आपण होऊन म्हणाली, "त्यांना दाखवा की जीप. गोरक्षला त्यांचं घर माहीत आहे."

शांतवन म्हणजे उंच, वाळका माणूस. कानावर पेन्सिल, घरापुढच्या लिंबाखाली वर्कशॉप. जीपखाली सरपटत गेले आणि जरा वेळाने बाहेर येऊन गोरक्षकडे बघत म्हणाले, "हातब्रेक भारी कामाचा आहे हो तुमचा." मग मला नीट समजावलं. मागच्या आसाच्या गोळ्यात दोन दातेरी चाकं असतात. लहान पिनियन आठ दातांचं आणि मोठं क्राऊन एकोणचाळीस दातांचं. नंतरच्या जीपमध्ये क्राऊनला त्रेचाळीस दात आहेत. ती जोडी बसवली की इंजिन जास्त फिरतं, चाक कमी फिरतं, पण ओढ वाढते. आमच्या आवारात निकाली काढलेली एक नंतरची जीप पडून आहेच, तिची जोडी काढायची.

"बाकी थोडाफार फरक पडतो," शांतवन म्हणाले, "म्हणजे मीटरमध्ये..."

मी तिथेच थांबवलं. "मीटरला हात लावायचा नाही. ते माझं आहे."

ते गंभीर झाले. "साहेब, बायबलवर हात ठेवून सांगतो, तुमच्या मीटरला बोटसुद्धा लावणार नाही."

असा सच्चा माणूस आजकाल दुर्मिळ. गोरक्षला त्याच वेळी खोकल्याची उबळ आली आणि तो विहिरीकडे गेला.

२९ जानेवारी

काम सुरू. मी कचेरीचं काम आटोपून रोज दुपारी तिथे जाऊन बसतो. देखरेख नसली की कामं बिघडतात.

आज शांतवन बाजारातून शेंदूर घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या देवाला?" हे म्हणाले, "क्राऊनला." तो बिचारा म्हणाला, "जागृत देव दिसतोय." शेंदूर तेलात कालवून त्यांनी मोठ्या चाकाच्या दातांना फासला आणि चाकं फिरवली. जिथे दात दाताला टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. त्यावरून जोडी बसली की नाही ते कळतं. ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे, टोकाला पडला तर दात तुटतो. कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालून-काढून त्यांनी सहा वेळा ठसा घेतला. मला तिसराच चांगला वाटला होता. तसं बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

३१ जानेवारी

मागचा गोळा बसला. मी शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. जुनी जोडी काढण्याआधी मागची दोन्ही चाकं उचलून, टायरवर खडूची खूण करून मोजलं होतं, चाकांच्या एका फेऱ्याला मधला लांब दांडा पाचाला जरा कमी फेरे घेत होता. आज पाच पुरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. म्हणजे गाडी तेवढीच चालली तरी दांडा आता जास्त फिरतो. मीटरची तार कुठून निघते तेही मी सहज विचारलं. दांड्याच्या मुळापासून, म्हणाले. जागा सोयीची आहे, चिखल उडत नाही.

एकच मतभेद झाला. शांतवन म्हणतात, पुढच्या आसाचीही जोडी बदला, नाहीतर काम पुरं नाही. मी म्हटलं, ओढतात मागची चाकं, पुढची फक्त वळायला. ते म्हणाले, "मग चारी चाकं जोडायचा दांडा ओढू नका. माझ्या हातचं अर्धं काम बाहेर जातंय, मला झोप लागायची नाही."

म्हातारी माणसं फार विचार करतात.

३ फेब्रुवारी

हे कागदावर चढवता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

बोराच्या माळाच्या चढावर जीप मस्त चालली होती. मला वाटलं, मागच्या दोन चाकांनी एवढं होतं तर चार चाकांनी किती होईल. गोरक्ष नको म्हणत होता. मी स्वतः हात घालून चार चाकांचा दांडा ओढला. शंभर पावलांवर गाडी लंगडी घालायला लागली. खालून कटकट आवाज, स्टिअरिंग दगडासारखं, आणि दांडा परत निघेना. पुढची चाकं एक हिशोब सांगत होती, मागची दुसरा, आणि दोघांच्या भांडणात आम्ही.

खडीवरच्या बाया हातोड्या खाली ठेवून बघत होत्या. लंकाबाई म्हणाली, "अवो, म्हागला बैल बदलला आन् फुडला तसाच जुपला व्हय? दोगं एका चालीचं लागत्यात."

गोरक्षने गाडी चार हात मागे घेतली तेव्हा कुठे दांडा सुटला. मागचा बैल बदलला हे त्या बाईला कोणी सांगितलं, हा प्रश्न मला परतताना पडला. गोरक्ष म्हणाला, "बायांना समदं म्हाईत असतंय साहेब." खरं आहे, आमच्या घरीही तेच.

१४ फेब्रुवारी

पुढच्या आसाचीही जोडी बदलून झाली. मी चूक कबूल केली नाही, फक्त म्हटलं की मी फेरविचार केला. शांतवननी मला चहा पाजला. आज त्यांना झोप लागेल, असं ते दोनदा म्हणाले.

१७ फेब्रुवारी

काय सांगू! भरलेला ट्रेलर लावून जीप चढ असा चढली की ट्रेलरला कळलंही नसेल. जळका वास गेला. हातब्रेकची मूठसुद्धा आता पूर्ण आत बसते, गोरक्ष म्हणतो नव्या जोडीचा गुण.

त्याहून नवल म्हणजे वेगही वाढला. ओढ वाढली की वेग कमी व्हायला हवा, असं शांतवन सांगत होते. पण सपाट रस्त्यावर पूर्वी काटा पस्तिसाच्या पुढे जायचा नाही, आज इंजिन जरा ओरडलं तरी अडतीसला टेकला. शेवटी प्रत्यक्ष अनुभव मोठा.

२१ फेब्रुवारी

गोरक्षवर लक्ष ठेवायला हवं. घर ते कचेरी बरोबर दोन मैल. या आठवड्यात रोज दोन मैल दोन दशांश येतंय. कुठे वळसा घालतो? आज पेपर मिटून, डोळे उघडे ठेवून बसलो. नेहमीचाच रस्ता. तरी दोन मैल दोन दशांश.

पुष्पावतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "वय झालं की सगळंच लांब वाटतं." मी म्हटलं, मीटरला वय नसतं. ती हसत आत गेली. का हसली कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

उलगडा झाला आणि तो फार गंभीर आहे.

मला शंका आली की मीटर तपासावं. मी स्वतःच्या मीटरवरही शंका घेतो, हा माझा स्वभाव. मोठ्या रस्त्यावर गेलो आणि किलोमीटरच्या दहाव्या दगडापासून विसाव्यापर्यंत जीप नेली. दहा किलोमीटर म्हणजे सहा मैल आणि वर दोन दशांश. मीटरने दाखवलं सहा मैल आठ दशांश. पुन्हा उलट गेलो. पुन्हा तेच.

म्हणजे रस्त्यावरचे दगड चुकीचे रोवले आहेत! मैल काढून किलोमीटर आणले तेव्हा कोणी तरी घाईत काम उरकलं. दहा दगडांत अर्ध्या मैलाहून जास्त तफावत. रस्त्याच्या खात्याला मी आजच चार पानी पत्र लिहिलं. गोरक्षला वाचून दाखवलं. तो एवढा भारावला की गाडीचा दरवाजा धरून वाकलाच.

६ मार्च

आज मन स्वस्थ नाही.

उंबरकड्याने पुन्हा अर्ज केला आणि वरून तो फेरतपासणीसाठी माझ्याकडे आला. गोरक्ष म्हणाला, "साहेब, मोजलंय की जानेवारीत. पुन्ना कशाला?" त्याने नको म्हटल्यावर मला मोजणं भागच पडलं. बोराच्या माळापासून गावापर्यंत, तोच रस्ता, तीच जीप. पाच मैल दोन दशांश.

मी जीप वळवून परत मोजलं. पाच मैल दोन दशांश.

मग जानेवारीत चार-सात कसं आलं? खूप विचार केला. त्या वेळी गाडीत जोर नव्हता. जिथे चाकांनाच जोर मिळत नव्हता तिथे मीटरला कुठून मिळणार? बिचारं मागे पडत गेलं असणार. दुसरं कारण सुचत नाही.

म्हणजे मी जानेवारीत फेटाळलेला अर्ज बरोबर होता. दोन महिने त्या बाया पाच मैलांहून लांबून येत होत्या आणि मी त्यांना परिपत्रक वाचून दाखवत होतो. लंकाबाईचा गुडघा आता चांगलाच सुजला आहे. तासाला एकदा हातोडी ठेवून तो चोळत बसते, मुकादम ओरडला की पुन्हा उचलते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कोणाचं इतकं नुकसान माझ्या हातून झालं नव्हतं. मला त्याची लाज वाटते. हे लिहितानाही वाटते.

अहवाल पाठवला. अंतर पाच मैल दोन दशांश, नवीन काम देय.

ही बातमी सांगितली तेव्हा लंकाबाईने माझ्याकडे न बघता गोरक्षच्या पाठीत धपाटा घातला. आनंदात माणूस कोणालाही मारतो.

१९ मार्च

वरून साहेबांचा शेरा आला. लाल शाईत. "जानेवारीत ४.७, मार्चमध्ये ५.२. मधल्या काळात गाव सरकले काय? ओव्हरसियर आसाराम डमाळे यांनी साखळीने समक्ष मोजून आठ दिवसांत खुलासा करावा. तोपर्यंत तलावाचे काम थांबवावे."

गाव सरकले काय! माझ्या मीटरबद्दल अशी भाषा. मोजून दाखवतोच. पाच मैलांच्या चारशे साखळ्या होतात. मीटरप्रमाणे चारशे सोळा भरल्या पाहिजेत. भरल्या की त्याच लाल शाईत दिलगिरी मागवीन.

गोरक्षला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. माझ्या अपमानाने त्याला एवढं लागावं, मी हेलावलो.

२१ मार्च

साखळी सापडत नाही. काल कपाटात होती. गोरक्ष म्हणतो, उंदरांनी नेली असेल. शंभर लोखंडी कड्यांची सहासष्ट फुटी साखळी उंदीर कशी नेतील?

२३ मार्च

साखळी सापडली. जीपच्या सीटखाली, पोत्यात. गोरक्षलाही नवल वाटलं. म्हणाला, लई गंजलीय, शांतवनकाकांकडून साफ करून आनतो. तत्परता पाहून बरं वाटलं.

२५ मार्च, रविवार

शांतवन चर्चमधून परस्पर साखळी घेऊन घरी आले. चकचकीत. मी सवयीप्रमाणे अंगणातल्या खुंट्यांवर ताणून पाहिली. कमी पडली. कड्या मोजल्या तर त्र्याण्णव!

"सात कड्या गेल्या कुठे?"

शांतवन आभाळाकडे बघू लागले. म्हणाले, "गंजल्या होत्या साहेब. काढून टाकल्या. नजर अधू झाली, मोजायचं राहिलं."

त्यांना बसवून माझ्यासमोर सात कड्या जोडून घेतल्या. तोकडी साखळी म्हणजे आकडा फुगणार, हेही नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असं होय?" तीस वर्षं लष्करात काढून माणसाला एवढं साधं गणित येत नाही.

जाताना ते उंबऱ्यापाशी घुटमळले. "साहेब, चारशे नाही भरल्या तर?"

"तर तलाव नाही," मी म्हटलं. "पण भरतील. मीटर खोटं बोलत नाही."

त्यांना काही तरी बोलायचं होतं. पुष्पावतीने अंड्यांची रिकामी टोपली त्यांच्या हातात दिली आणि ते गेले.

२८ मार्च, बुधवार

बाजारचा दिवस, खडीचं काम बंद. सकाळी सातला बोराच्या माळावरून साखळी टाकायला सुरुवात केली. मजूर कोणी नव्हतं. उंबरकड्याच्या आठ-दहा बाया मात्र हजर होत्या. साखळीचं पुढचं टोक लंकाबाईने धरलं. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, दुसऱ्या कोणाला द्या. "रोजचंच हाय," म्हणाली आणि चालायला लागली. मागचं टोक माझ्या हातात. जीप घेऊन गोरक्ष मागून येत होता, शेजारी शांतवन. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मी हा रस्ता कधी पायी चाललो नव्हतो. पहिल्या मैलात मला खूप गोष्टी सांगायच्या होत्या. दुसऱ्यात बोलणं बंद झालं. तिसऱ्या मैलात बुटात खडा गेला आणि तो काढायला वाकलो तर परत उठवेना. लंकाबाईने मागे वळून पाहिलं. "बसा वाईच. आमी तर हिथनं जाऊन खडी फोडून माघारी येतो." मी बूट उलटा करून झटकला.

दोनशे. तीनशे. तीनशे पन्नास झाल्या आणि समोर गावाचं पिंपळाचं झाड दिसलं. झाड फार जवळ होतं. मी मनात हिशोब केला, पुन्हा केला. चावडीच्या पायरीला टोक टेकलं तेव्हा आकडा होता तीनशे शहात्तर.

तीनशे शहात्तर म्हणजे चार मैल सात दशांश.

जानेवारीत मीटरने दाखवलं होतं तेच. त्याच जागी उभ्या उभ्या मला सगळं लागोपाठ दिसलं. खडूची खूण, पाचाला कमी, पाचाला जास्त, दांड्याच्या मुळाशी असलेली तार, त्या मूर्ख हातब्रेकची मूठ, दोन मैल दोन दशांश, रस्त्याच्या खात्याला लिहिलेली चार पानं. अरे देवा, ती चार पानं!

मागे वळलो. शांतवन टोपी हातात घेऊन उभे होते. गोरक्ष बुटाच्या टोकाने माती उकरत होता. दोघांच्या तोंडाकडे पाहून कोणालाही कळलं असतं. फक्त मला दोन महिने कळलं नव्हतं. असा संताप आला की कानशिलं तापली. मी वही काढली. तीनशे शहात्तर लिहिणार, गोरक्षवर मेमो काढणार, दात बदलण्याचा सगळा प्रकार वर कळवणार. पेन्सिल टेकवलीही होती.

तेवढ्यात डाव्या हातातल्या साखळीला हिसका बसला.

लंकाबाई थांबलीच नव्हती. ती चावडी ओलांडून, ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरून पलीकडच्या चढाला लागली होती. साखळी ताणली होती आणि ती तिकडून ओरडत होती, "अवो, सोडा की फुडं! मोजायचं ऱ्हायलं न्हाई का अजून?"

"चावडी आली," मी म्हटलं.

"चावडीत कोन ऱ्हातंय? आमची वस्ती ह्या वर हाय. चावडीत तुमची जीप ऱ्हाती."

बाकीच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. परिपत्रकाची प्रत खिशात होती, ती काढून वाचली. गेल्या वर्षापासून मी ती लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवतोय. त्यात गाव म्हटलेलंच नाही. 'मजुरांच्या राहत्या घरापासून' असं स्वच्छ छापलेलं आहे. ओढ्याच्या अलीकडे चांगली सावली आहे, गाडी वळवायला जागा आहे, म्हणून मी तिथून मोजत आलो.

मी वही बंद केली आणि साखळी पुढे सोडली.

ओढा, मग चढ, मग निवडुंगातली पायवाट. जीपला नवे दात असले तरी त्या वाटेने ती गेली नसती, एवढी अरुंद. तीनशे नव्वदला मला धाप लागली. चारशेला बायांनी मोठ्याने आकडा म्हटला आणि एकीने हातातली खुणेची सळई जमिनीत रोवली ती रागावल्यासारखी. घर अजून पुढेच होतं. लंकाबाईच्या उंबऱ्याला टोक टेकलं तेव्हा चारशे सात झाल्या होत्या. पाच मैल आणि वर सात साखळ्या.

दारातल्या दोरीवर खाकी सदरा वाळत होता. आमच्या खात्याची बटणं असलेला. लंकाबाईने घामाने भिजलेलं तोंड पदराने पुसलं आणि खाली ओढ्याकडे बघून हाक मारली, "गोरख्या, मेल्या, तिथं काय हुबा ऱ्हायलाय? रावसाहेबास्नी पानी दे!"

राहुरीच्या अंगाला म्हणे!

तो धावत आला आणि तांब्या पुढे केला. "साहेब, चूक झाली. काढून टाका नोकरीवरनं. पर आईचं काम..."

"हातब्रेक ओढून गाडी चालवलीस," मी म्हटलं. "ते सरकारी ब्रेकचं नुकसान आहे. त्याबद्दल मेमो मिळेल." पाणी प्यालो. "दातांचं काम चांगलं झालंय. ते तसंच राहू दे."

शांतवन मागून चढ चढून आले होते, धापा टाकत. मी त्यांना म्हटलं, "मीटरला तुम्ही बोट लावलं नाहीत, खरं आहे."

"नाही लावलं साहेब."

"शपथ जपून घेत जा."

लंकाबाईने चहा टाकला होता. गुळाचा, काळा. मी उंबऱ्यावर बसून अहवाल तिथेच लिहिला. अंतर चारशे सात साखळ्या, मजुरांच्या राहत्या घरापासून, समक्ष मोजले. खाली सही केली. जानेवारीच्या नि मार्चच्या आकड्यांचा खुलासा या रकान्यात दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, 'दोन्ही वेळा ओव्हरसियर जीपमध्ये बसून होते.'

घरी आलो तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. पुष्पावतीने गरम पाण्याचं घमेलं आणलं. तिने आधी पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"किती भरल्या?"

"चारशे सात."

तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो माझ्यापासून लपवायचाही प्रयत्न केला नाही. मेरीबाई, अंडी, शांतवन, सगळा कट माझ्याच स्वयंपाकघरातून निघाला होता तर. मी काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं खरंच होतं? काही न करताच मिळालं असतं?"

"मिळालं असतं."

"मग जानेवारीत का नाही मिळालं?"

मी पाय पाण्यात सोडले. फार झोंबलं.

"मी उतरलो नाही म्हणून," मी म्हटलं.